वर्णविपर्यास : क्रीडा आणि साक्ष

एखाद्या शब्दातील वर्णांच्या जागा बदलून, एकही वर्ण न वाढवता वा न गाळता, त्याच वर्णांतून दुसरा शब्द अथवा दुसरे वाक्य सिद्ध करणे ह्या शब्दक्रीडेस वर्णविपर्यास असे नाव देता येईल. वाङ्मयाच्या इतिहासात तिची गणना सामान्यतः रिकामपणाच्या करमणुकीत होते आणि त्यामुळे गंभीर अभ्यासकांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. तथापि १६१० ते १६७६ ह्या सहासष्ट वर्षांच्या अवधीत युरोपातील गॅलिलिओ, हायगेन्स, हूक आणि न्यूटन ह्या चार अग्रगण्य शास्त्रज्ञांनी आपल्या शोधांवरील अग्रहक्काची साक्ष म्हणून ह्याच क्रीडेचा अवलंब केला, ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात नोंदली गेली आहे. क्रीडेवर साक्षीचे ओझे का पडले, ते तिला कितपत पेलले आणि अखेर तिचा त्याग का करावा लागला, ह्या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

१

वर्णांची उलटापालट ही भारतीय विद्येला अपरिचित नव्हती. यास्काने निरुक्तात शब्दांच्या व्युत्पत्ती सांगताना आद्यन्तविपर्ययाचा, म्हणजे आरंभीचा व शेवटचा वर्ण एकमेकांच्या जागी जाण्याचा, स्वतंत्र प्रकार मानला आहे. आणि ‘सिंह’ हा नित्य परिचयाचा शब्द ‘हिंस्’ धातूच्या विपरीत रूपावरून आला असावा, असा एक पर्याय दिला आहे. आधुनिक भाषाशास्त्राला ही व्युत्पत्ती मान्य होवो वा न होवो, येथे वर्णविपर्यय हा विनोदाचा विषय नसून अर्थनिर्णयाचे साधन आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. लोकमानसात रुजलेले उदाहरण वाल्मीकीच्या कथेतील होय. ‘मरा, मरा’ असा जप करता करता त्यातून ‘राम’ हे नाम निघाले, ही अध्यात्मरामायणातील कथा महाराष्ट्रात वाल्या कोळ्याच्या रूपाने घरोघरी सांगितली जाते. दोन अक्षरांच्या स्थानबदलावर एका माणसाचा उद्धार अवलंबून असल्याची ही कल्पना शब्दक्रीडेची म्हणता येणार नाही. परंतु तिचे यंत्र मात्र शब्दक्रीडेचेच आहे.

काव्यशास्त्राने ह्या यंत्राचा उपयोग चित्रकाव्यात केला. दंडीने काव्यादर्शाच्या तिसऱ्या परिच्छेदात यमके, गतप्रत्यागतासारखे बंध व प्रहेलिका ह्यांचे विवेचन केले असून, भारवी व माघ ह्यांच्या महाकाव्यांतील एकेक सर्ग अशा रचनांसाठी प्रसिद्ध आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष उल्लेखनीय नाव गोदातीरीच्या पार्थपुरातील सूर्य दैवज्ञाचे आहे. ‘रामकृष्णविलोमकाव्य’ हे त्याचे काव्य सुलट वाचले असता रामाची व उलट वाचले असता कृष्णाची कथा सांगते. हाच सूर्य ‘लीलावती’वरील ‘गणितामृतकूपिका’ ह्या १५४१ मधील टीकेचाही कर्ता होय.

येथे लिपीचा प्रश्न उपस्थित होतो. रोमन लिपीत स्वर व व्यंजने सुटी असल्याने ती कोणत्याही क्रमाने मांडता येतात. देवनागरीत वाचनाचे एकक अक्षर हे आहे. मात्रा व्यंजनाला चिकटलेली असते आणि जोडाक्षर फोडले की उच्चारच नाहीसा होतो. ‘कमल’ ह्यासारख्या मात्राहीन शब्दाचे सहा क्रम होतात : कमल, कलम, मकल, मलक, लकम आणि लमक. त्यांपैकी ‘कमल’ व ‘कलम’ हे दोनच मराठीत रूढ आहेत, आणि त्यांतही एक संस्कृतातून तर दुसरा अरबीतून आलेला आहे. दीर्घ शब्दांत व वाक्यांत अशी संधी आणखी कमी होते. म्हणूनच आपल्याकडे मुक्त विपर्यासापेक्षा विलोमाची, म्हणजे एकाच ठरावीक उलट क्रमाची, प्रतिष्ठा अधिक वाढली असावी.

मात्र क्रम किती होतात, ह्या प्रश्नाचे उत्तर भारतीय गणिताने फार पूर्वीच दिले होते. ११५० मध्ये रचलेल्या लीलावतीच्या ‘अंकपाश’ प्रकरणात भास्कराचार्याने अंकांच्या स्थानबदलाने होणाऱ्या भेदांची गणना केली आहे. शंभूच्या दहा हातांत दहा आयुधे अदलाबदल करून दिल्यास ३६,२८,८०० मूर्तिभेद होतात आणि हरीच्या चार हातांत चार आयुधे दिल्यास २४ होतात, हे त्यातील उदाहरण सुपरिचित आहे. प्रस्तुत विषयास अधिक उपयुक्त असा त्याचा पुढचा नियम समान अंकांसंबंधीचा आहे. काही अंक परस्परांशी समान असतील तर एकूण भेदांना त्या समान अंकांच्या भेदांनी भागावे. त्यानुसार २, २, १, १ ह्यांचे सहा आणि ४, ८, ५, ५, ५ ह्यांचे वीस भेद होतात. अंकांच्या जागी वर्ण घातले की हाच नियम वर्णविपर्यासाचा होतो.

भास्कराचार्याचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण ह्याचा ज्योतिषी होता आणि त्याने पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. त्याच सिंघणाच्या आश्रयास देवगिरी येथे शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचून सात स्वरांचे ५०४० क्रम आणि क्रमांकावरून क्रम व क्रमावरून क्रमांक काढण्याची ‘नष्ट’ व ‘उद्दिष्ट’ ही रीत सांगितली. ह्या गणनेचा युरोपातील पुढील घडामोडींशी कोणताही संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु त्या घडामोडींचे परीक्षण करण्यासाठी तिच्याइतके सोपे माप दुसरे मिळणार नाही.

२

युरोपात वर्णविपर्यासाचे जुने कार्य स्तुतीचे होते. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या राजदरबारातील कवी लायकोफ्रॉन ह्याने ‘प्तोलेमाइओस’ ह्या राजनामातून ‘मधापासून झालेला’ अशा अर्थाचे ‘आपो मेलितोस’ हे शब्द काढले, असे सांगतात. व्यक्तीच्या नावातच तिचे भाग्य दडलेले असते आणि वर्ण हलवून ते बाहेर काढता येते, ही श्रद्धा अशा रचनांच्या मुळाशी होती. सोळाव्या व सतराव्या शतकांत तिला मोठाच बहर आला. इंग्लंडात विल्यम कॅम्डेनने १६०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या संकीर्ण ग्रंथात ह्या कलेसाठी एक प्रकरण खर्ची घातले, तर फ्रान्समध्ये तेराव्या लुईने ह्याच कामासाठी दरबारी माणूस नेमला होता. सारांश, ज्या पिढीत दुर्बीण आली त्या पिढीतील सुशिक्षिताला ही क्रीडा शाळेपासून अवगत होती. तिचा नवा उपयोग सुचण्यास वेगळी शोधकता लागली नाही.

नव्या उपयोगाची गरज मात्र नवी होती. शोध लागताच तो जाहीर करावा, तर निरीक्षण अपुरे असते आणि चूक निघाल्यास उपहास पदरी येतो. तो जाहीर न करता पडताळा पाहत बसावे, तर तेवढ्यात दुसरा कोणी तोच शोध प्रसिद्ध करतो. शास्त्रीय नियतकालिके त्या वेळी अस्तित्वात नव्हती. अशा स्थितीत शोधाचे वाक्य लिहून, त्याचे वर्ण विस्कटून, ते परिचितांकडे धाडावयाचे व योग्य वेळी उकल सांगावयाची, ही युक्ती सोयीची होती. तिच्यावर दोन जबाबदाऱ्या होत्या : एक गोपनाची, म्हणजे वाचणाऱ्याला आशय कळू नये, आणि दुसरी बंधनाची, म्हणजे लिहिणाऱ्याला मागाहून आशय बदलता येऊ नये. पुढील इतिहास ह्या दोन जबाबदाऱ्यांचा आहे.

३

१६१० च्या उन्हाळ्यात गॅलिलिओने प्रागमधील तस्कनीच्या वकिलामार्फत केप्लरकडे सदतीस वर्णांची एक अर्थहीन ओळ पाठविली. सम्राट दुसऱ्या रुडॉल्फच्या पदरी गणिती असलेल्या केप्लरने ती सोडविण्याचा प्रयत्न केला. पृथ्वीला एक चंद्र व गुरूला चार, तर मधल्या मंगळाला दोन असावेत, अशी त्याची अटकळ होती. आणि लॅटिनमध्ये न बसणारा एक शब्द स्वतः घडवून त्याने मंगळाच्या जुळ्या अपत्यांना वंदन करणारे वाक्य त्या वर्णांतून काढले. त्या ओळीला त्याने स्वतःच अर्धरानटी म्हटले आहे. सम्राटाची जिज्ञासा लक्षात घेऊन त्या वर्षाच्या नोव्हेंबरात गॅलिलिओने उकल कळविली : सर्वांत उंचावरील ग्रह तिहेरी असल्याचे त्याने पाहिले होते. तो ग्रह म्हणजे शनी.

केप्लरचा हा प्रयत्न एक फसलेला तर्क म्हणून गमतीने सांगितला जातो. परंतु दोन्ही लॅटिन वाक्यांतील वर्ण मोजून पाहिले असता वेगळीच गोष्ट दिसते. यू व व्ही हे त्या काळच्या प्रथेप्रमाणे एकच मानले, तर दोन्ही वाक्यांत ए चार, एम पाच, ई चार, एस तीन, अशा प्रकारे सर्व सदतीस वर्ण तंतोतंत सारखे आहेत. म्हणजे केप्लरची उकल वर्णांच्या दृष्टीने निर्दोष होती; ती केवळ गॅलिलिओच्या मनात नव्हती. अंकपाशाचा नियम लावल्यास ह्या वर्णांचे भेद चौतीस अंकी संख्येइतके होतात. एवढ्या अरण्यात शोध घेणे अशक्य असल्याने गोपन साधते. पण एवढ्याच अरण्यात अर्थपूर्ण वाक्येही अनेक लपलेली असतात, त्यामुळे बंधन सैल पडते. एकाच संख्येचे हे दोन परिणाम आहेत. मंगळाचे दोन चंद्र आसाफ हॉलला १८७७ मध्ये खरोखरच सापडले, ह्या योगायोगाने त्या गोष्टीला चमत्काराची झळाळी दिली असली, तरी तिचे खरे महत्त्व साक्षीच्या ह्या दुबळेपणात आहे.

त्याच डिसेंबरात गॅलिलिओने दुसरा विपर्यास पाठविला. ह्या वेळी विस्कटलेले वर्णही एका लॅटिन वाक्यात बसविले होते : ही अपक्व फळे आपण आता व्यर्थच वेचीत आहोत, असा त्याचा आशय होता. दोन वर्ण मात्र त्यात सामावले नाहीत व ते शेवटी सुटेच जोडावे लागले. १६११ च्या आरंभी कळविलेल्या उकलीत प्रेमाची माता चंद्राच्या कलांचे अनुकरण करते, असे होते; म्हणजे शुक्रालाही कला असतात. शुक्र सूर्याभोवती फिरतो हे ठरविण्यास हे निरीक्षण निर्णायक होते, आणि कला पूर्णपणे पाहण्यास महिने लागत. थांबणे व हक्क राखणे ह्या दोन्ही गरजा येथे स्पष्ट दिसतात. पहिल्या विपर्यासाचा शेवट मात्र वेगळा झाला. १६१२ मध्ये शनीचे ते दोन सोबती दिसेनासे झाले व गॅलिलिओ बुचकळ्यात पडला. त्याने मोहोरबंद केलेले सत्य अर्धवट होते.

४

त्या सोबत्यांचे कोडे क्रिस्तिआन हायगेन्सने सोडविले. मार्च १६५५ मध्ये त्याला शनीचा उपग्रह दिसला, आणि पुढे टायटन हे नाव मिळालेल्या त्या उपग्रहाची वार्ता त्याने विपर्यासाच्या रूपाने मित्रांकडे पाठविली. त्यातील प्रदक्षिणाकाल सोळा दिवस चार तास होता. आज तो सुमारे पंधरा दिवस बावीस तास असल्याचे ज्ञात आहे. १६५६ मधील पुस्तिकेत त्याने दुसरा, बासष्ट वर्णांचा विपर्यास छापला. त्याची उकल १६५९ च्या ‘सिस्तेमा सातुर्निउम’ ह्या ग्रंथात झाली : शनीभोवती एक पातळ, सपाट, कोठेही न चिकटलेले व क्रांतिवृत्ताशी कललेले कडे आहे. ह्या दुसऱ्या विपर्यासात एक बदल दिसतो. वर्ण वाकडेतिकडे न मांडता ए सात वेळा, सी पाच वेळा, डी एकदा, अशा वर्णानुक्रमाने लिहिले आहेत. वाचकाला भुलविणारा क्रीडेचा अंश येथे गळून पडला आणि केवळ मोजणी उरली.

परंतु मोजणीनेही बंधन घट्ट होत नाही, हे ऑक्सफर्डचा गणिती जॉन वॉलिस ह्याने दाखवून दिले. यादवी युद्धात पार्लमेंटच्या बाजूने शत्रूची सांकेतिक पत्रे उकलण्यात तो निष्णात झाला होता. हायगेन्सचा टायटनविषयीचा विपर्यास मिळताच त्याने उत्तरादाखल स्वतःचा एक लांबलचक वर्णसमूह पाठवून दिला. हायगेन्सने उकल प्रकट केल्यावर वॉलिसने त्या वर्णसमूहातून शनीच्या सोबत्याचे व त्याच्या सोळा दिवसांच्या प्रदक्षिणेचे वर्णन करणारे वाक्य जुळवून काढले. जणू हा शोध इंग्लंडातही आधीच लागलेला होता! हायगेन्स अस्वस्थ झाला. पुढे वॉलिसने ही थट्टा असल्याचे कबूल केले. केप्लरने अजाणता जे दाखविले तेच वॉलिसने हेतुपुरस्सर सिद्ध केले होते : पुरेसे वर्ण हाताशी असतील तर उकल घटनेनंतरही तयार करता येते.

५

रॉबर्ट हूकच्या हाती ह्या साधनाचे स्वरूप आणखी बदलले. घड्याळाच्या स्प्रिंगच्या शोधावरून १६७५ मध्ये त्याचा हायगेन्सशी वाद पेटला होता. हेलिओस्कोपविषयीच्या १६७६ च्या ग्रंथात, शेवटच्या पानावरील रिकामी जागा भरण्याच्या निमित्ताने, त्याने आपल्या काही शोधांची यादी दिली व त्यांतील काही शोध विपर्यासात झाकले. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध विपर्यास चौदा वर्णांचा आहे : सी, ई, आय तीनदा, एन, ओ, एस तीनदा, टी दोनदा, यू आणि व्ही. दोन वर्षांनी, १६७८ मध्ये, त्याने त्याची उकल दिली : ‘उत् तेन्सिओ, सिक् विस’, म्हणजे जसा ताण तसे बल. आज पदार्थविज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असलेला हूकचा नियम तो हाच. भास्कराचार्याच्या नियमाने चौदा वर्णांच्या भेदांना तीनाच्या सहा, पुन्हा तीनाच्या सहा व दोनाच्या दोन भेदांनी भागले असता १,२१,०८,०९,६०० क्रम येतात. ह्या नियमाचा बोध आपल्याला अठरा वर्षांपूर्वीच झाल्याचे हूकने १६७८ मध्ये सांगितले. म्हणजे स्थापत्य, घड्याळे व यंत्रे ह्या सर्वांस उपयोगी पडणारे चार शब्दांचे सत्य जवळजवळ दोन दशके एका माणसापाशी राहिले होते.

कमानीविषयीचा त्याचा विपर्यास ह्याहून बोलका आहे. लवचीक साखळी जशी लोंबते तशीच, पण उलटी, दृढ कमान उभी राहते, हे तत्त्व त्याने त्याच ग्रंथात झाकून ठेवले आणि हयातीत कधीच उकलले नाही. १७०३ मध्ये तो मरण पावला. १७०५ मध्ये रिचर्ड वॉलरने त्याच्या मरणोत्तर ग्रंथात ती उकल दिली. तोपर्यंत डेव्हिड ग्रेगरीने तेच तत्त्व १६९७ मध्ये उघडपणे मांडले होते. हूकची मोहोर शाबूत राहिली, पण तिच्या आत राखलेले धन तोवर सार्वजनिक झाले होते.

६

ह्या इतिहासाचा कळस न्यूटनच्या पत्रात आहे. २४ ऑक्टोबर १६७६ रोजी रॉयल सोसायटीचा चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग ह्याच्यामार्फत लायब्निट्झकडे पाठवावयाच्या दीर्घ पत्रात न्यूटनने आपल्या कलनपद्धतीचा गाभा वर्ण व अंक ह्यांच्या मिश्रणात लिहिला : ए सहा, सी दोन, डी एक, ह्याप्रमाणे. क्रीडेचा शेवटचा मागमूसही येथे नाहीसा झाला. उरला तो वर्णांचा हिशेब. तो हिशेबही बिनचूक नव्हता, कारण नेहमी उद्धृत होणाऱ्या पाठात टी हा वर्ण आठ वेळा सांगितला असून उकलीच्या वाक्यात तो नऊ वेळा येतो. उकल अशी : कितीही चल राशी असलेले समीकरण दिले असता त्या राशींचे प्रवाहवेग काढणे, आणि ह्याच्या उलट.

ह्या वाक्याने नेमके काय सिद्ध होते? न्यूटनपाशी १६७६ मध्ये असा एक प्रश्न होता व तो सुटल्याचा त्याचा दावा होता, एवढेच. प्रश्न कसा सोडवावा हे त्यात नाही. आणि म्हणून लायब्निट्झने ते वाचले असते तरी त्याला त्यापासून काही शिकता आले नसते. लायब्निट्झने आपली पद्धती १६८४ मध्ये छापून सर्वांपुढे ठेवली. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त ह्या पत्रव्यवहाराचा व झाकलेल्या वाक्याचा उल्लेख केला. पुढे वाद विकोपास गेल्यावर रॉयल सोसायटीने १७१२ मध्ये चौकशीसमिती नेमली आणि तिचा निर्णय न्यूटनच्या बाजूने लागला. त्या वेळी सोसायटीचा अध्यक्ष स्वतः न्यूटनच होता आणि त्या अहवालामागे त्याचाच हात होता. दोघांनी कलन स्वतंत्रपणे शोधले, असे आज इतिहासकार मानतात. हा निष्कर्ष जुनी हस्तलिखिते, टिपणवह्या व पत्रे ह्यांवर आधारलेला आहे; वर्णविपर्यासाचा त्यात वाटा नगण्य आहे. ज्या साक्षीसाठी ते वाक्य झाकले होते, ती साक्ष निर्णयाच्या वेळी उपयोगी पडली नाही. उलट इंग्लंड व युरोपखंड ह्यांतील गणितज्ञांमध्ये जो दुरावा उत्पन्न झाला, त्याची हानी इंग्लंडातील गणिताने पुढे शंभर वर्षे सोसली.

७

हूक व न्यूटन वर्ण मोजीत होते त्याच काळात त्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर अस्तित्वात आलेले होते. १६६५ पासून ओल्डेनबर्ग ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ हे नियतकालिक काढीत होता. त्यात शोधकाचे नाव व दिनांक नोंदला जाई आणि शोधही सर्वांना मिळे; हक्क व प्रसिद्धी ह्यांचा विरोध तेथे मिटत होता. ज्यांना तरीही थांबावयाचे होते त्यांच्यासाठी पॅरिसच्या अकादमीत अठराव्या शतकात सीलबंद पाकीट ठेवण्याची सोय झाली. गंधक व फॉस्फरस जळताना त्यांचे वजन वाढते, हे निरीक्षण लव्हाझिएने १७७२ च्या नोव्हेंबरात असेच पाकिटात ठेवले व पुढच्या वर्षी ते उघडविले. पाकिटात संपूर्ण टिपण मावते, ते एका संस्थेच्या ताब्यात असते, आणि त्याला दुसरी उकल नसते. आजच्या संगणकीय कूटशास्त्रातही अशा वचनमोहोरेकडून गोपन व बंधन ह्याच दोन गुणांची अपेक्षा केली जाते. वर्णविपर्यासाने पहिला गुण उत्तम सांभाळला. दुसऱ्यात तो उणा पडला.

ह्या विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, गॅलिलिओपासून न्यूटनपर्यंत विपर्यास जसजसा साक्ष बनत गेला, तसतशी त्यातील क्रीडा आटत गेली. अर्थपूर्ण वाक्याची जागा वर्णानुक्रमाने व वर्णानुक्रमाची जागा आकड्यांनी घेतली. तथापि मूळ दोष क्रीडेचा नव्हता, तो अनेकार्थतेचा होता, आणि तो शेवटपर्यंत कायम राहिला. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एका वर्णसमूहातून अनेक अर्थ निघणे हा काव्यात गुण आहे. सूर्य दैवज्ञाचे काव्य राम व कृष्ण ह्या दोघांनाही सामावते, हेच त्याचे वैभव होय. साक्षीत मात्र तोच गुण घातक ठरतो, कारण साक्षीने एकच अर्थ सांगावयाचा असतो. सतराव्या शतकातील शास्त्रज्ञांनी काव्याचे साधन साक्षीच्या कामाला लावले, आणि ते अपुरे आहे हे त्यांच्याच पत्रव्यवहाराने उघड केले. ज्ञानावरचा हक्क ते झाकून सिद्ध होत नाही, ते प्रसिद्ध करून सिद्ध होतो, हा आधुनिक विद्याव्यवहाराचा संकेत ज्या अनुभवांतून रूढ झाला, त्यांत ह्या विस्कटलेल्या वर्णांचाही वाटा आहे.